बुधरीच्या पिशवीतलं एक मिनिट

मी एक जुनी वाळूची घडी आहे, मित्रांनो. आमच्या गडचिरोलीकडे घड्याळाला घडीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. काचेचे दोन फुगे, मध्ये बारीकशी मान आणि आत पसाभरही नाही इतकी पिवळी वाळू, एवढाच माझा संसार. मला काटे नाहीत, आकडे नाहीत, गजर तर नाहीच नाही. मला उलटी ठेवलं की वाळू वरून खाली येते आणि बरोबर एका मिनिटात संपते. त्याच्यापुढे मला काही येत नाही. हसलात ना? हसा बापडे, सगळेच आधी हसतात. पण माझ्या एका मिनिटात काय काय घडलं ते ऐका, आणि मग सांगा हसू येतं का.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. एका कारागिराने नळीतून फुंकर घालून मला फुगवलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्याने माझ्या पोटातली वाळू कणाकणाने कमीजास्त केली. अकरा वेळा त्याने मला उलटीपालटी केलं. माझं तर डोकं गरगरलं! बाराव्या वेळी तो म्हणाला, "जमलं." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. नंतर मला लाकडी चौकटीत बसवलं आणि शेजारी मण्यांच्या दोन तारा ताणल्या. वरच्या तारेत सहा मणी, खालच्या तारेत पाच, आणि दोन्हींत शेवटचा मणी लाल. हे मणी माझे जोडीदार. ते अबोल आहेत, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात मी बुधरीच्या हाती पडले. बुधरी मुलचेऱ्यापलीकडच्या जंगलातल्या कोसमटोल्याची. तिसरी शिकलेली, अंगाने काटक, बोलायला फटकळ. दवाखान्याकडून गावोगावच्या बायांना लेकरांच्या आजाराचं शिक्षण देत होते, त्यात तिची निवड झाली होती. शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "लेकराला आईच्या मांडीवर शांत झोपवा, पोट उघडं करा आणि घडी उलटी करा. पोट वर आलं की एक श्वास. दहा श्वास झाले की एक मणी सरकवा. दोन महिन्यांच्या आतलं लेकरू असेल तर वरची तार, मोठं असेल तर खालची. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर समजा, डब्बा आहे."

डब्बा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. शहरात त्याला न्यूमोनिया म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे जंतू फुप्फुसात शिरतात, तिथे पू-पाणी साचतं, आणि मग लेकरू हवेसाठी धापा टाकतं. आधी साधा खोकला वाटतो. दोन दिवसांनी लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जातात, ते दूध सोडतं, आणि मग फार वेळ राहत नाही. माझ्या येण्याआधी कोसमटोल्यात यावर एकच इलाज होता. विळ्याचं टोक चुलीत लाल करायचं आणि लेकराच्या पोटावर डाग द्यायचा. बुधरीच्या स्वतःच्या पोटावर असे तीन डाग होते. ती जगली. तिचा धाकटा भाऊ त्याच डागांसकट गेला. शिक्षणाच्या त्या वर्गात सगळ्या बाया मण्यांशी खेळत होत्या तेव्हा बुधरी एकटीच माझ्याकडे टक लावून बघत होती.

गावात आल्यावर पहिली थट्टा केली ती सुकलूने. सुकलू म्हणजे गावाचा गायता. गावदेवाची पूजा त्याच्याकडे, भांडणतंटा त्याच्याकडे, आणि लेकरांना डाग द्यायचं कामही त्याच्याकडेच.

"काऊन व बुधरी," तो म्हणाला, "शिकाले गेलती अन् रेती घेऊन आली? रेती तं आपल्या नाल्यात बहुत आहे न."

"नाल्यातली रेती बोलत नाई, बाबा. हे बोलते."

"काय बोलते?"

"तुह्या नातवाच्या पोटावर विळा ठेवू नोको म्हणते."

मंडळी खो खो हसली. सुकलूही हसला, पण नातू खरोखर खोकत होता. बुधरीने मला उलटी केलं. माझी अर्धी वाळू वर असतानाच लाल मणी सरकला. बुधरीने बाटलीतलं गोड औषध दिलं, पाच दिवस रोज दोनदा स्वतः येऊन पाजलं, आणि सहाव्या दिवशी ते पोरगं कोंबडीच्या मागे धावलं. त्या संध्याकाळी सुकलूने विळा धान कापण्यापुरताच ठेवला. मित्रांनो, असा माणूस मला फार आवडतो. चूक कळली की हट्ट धरत नाही.

मग माझे चांगले दिवस आले. सलग पाच हिवाळे कोसमटोल्यात डब्ब्याने एकही लेकरू गेलं नाही. बाया आपणहून लेकरू घेऊन येत, "घडी लाव न बाई" म्हणत. मला तेलाचा हात लागू नये म्हणून बुधरीने लुगड्याच्या मऊ तुकड्याची खोळ शिवली. मी फुगले होते, खोटं कशाला सांगू! आणि माणसंही ढिली पडली. डब्बा गेला आता, असं जो तो म्हणू लागला. खोकल्याकडे लक्ष कमी झालं. दोन-दोन महिने मी खोळीतून बाहेर निघेना.

नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात तो परत आला. थंडी कडाक्याची होती. घराघरात शेकोटीचा धूर कोंडलेला, आणि लेकरंबाळं एकाच गोधडीत. एकाचा खोकला दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. बुधरीकडे चार टोले, म्हणजे चार वस्त्या, होत्या आणि चारही टोल्यांत लेकरं खोकत होती. ती सकाळी निघायची ती दिवस बुडता घरी. मी पिशवीत हिंदकळून हिंदकळून थकून गेले.

कोसमटोल्यात पहिली आजारी पडली सोमारीची करिश्मा, आठ महिन्यांची. लाल मणी लवकरच सरकला. बुधरीने बाटली सोमारीच्या हाती दिली. "पाच दिवस पाज, दिवसातून दोनदा. परवा येऊन पाह्यतो," एवढं बोलून ती दुसऱ्या टोल्याला पळाली. पण परवा तिला येता आलं नाही. तिकडे दोन लेकरं जास्त आजारी होती, म्हणून ती रात्रीही तिकडेच राहिली. ती आली पाचव्या दिवशी.

त्या पाच दिवसांत काय झालं, हे समजायला तुम्हाला कोसमटोल्याची एक रीत माहीत हवी. तिथे कुणी एकट्याने काही खात नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी गावाच्या बोडीतलं, म्हणजे तळ्यातलं, पाणी कमी होतं तेव्हा सगळं गाव मिळून मासे धरतं. मग सुकलू जमिनीवर पळसाची पानं मांडतो. माणशी एक पान, एक वाटा. म्हाताऱ्याला वाटा, पाहुण्याला वाटा, पाळण्यातल्या दात न आलेल्या लेकरालाही वाटा. मोहाच्या दिवसांत, मधाच्या दिवसांत, सगळ्यात हेच. वाटा न देता खाणाऱ्याला तिथे तोंड दाखवता येत नाही. इतकी सुरेख रीत मी दुसरीकडे ऐकली नाही.

आणि तिनेच आमचा घात केला. दोन दिवस औषध पोटात गेल्यावर करिश्मा हसू लागली, दूध ओढू लागली. शेजारच्या कोलूचा धनराज खोकत होता. पलीकडे गुलाबचा इसरू खोकत होता. इसरू जेमतेम दीड महिन्याचा, त्याच्या आईला, गुलाबला, लग्नानंतर सहा वर्षांनी झालेलं पहिलं लेकरू. सोमारीच्या बाटलीत औषध उरलं होतं. तिची पोरगी तर बरी झाली होती! मग तिने काय केलं? तीन वाट्या घेतल्या आणि औषधाचे तीन वाटे केले. एक करिश्माचा, एक धनराजचा, एक इसरूचा. स्वतः नेऊन दिले. गुलाबने वाटी कपाळाला लावून घेतली. आणि औषध मिळालंच आहे म्हटल्यावर बुधरीला कोण बोलावतं?

पाचव्या दिवशी बुधरीने सोमारीच्या अंगणात मला उलटी केलं. लाल मणी पहिल्या वेळेपेक्षाही लवकर सरकला. करिश्माच्या बरगड्या आत जात होत्या.

"बाटली कुठी आहे?" बुधरीने विचारलं.

"सरली न बाई. मी वाटे केले. धनराजले देल्ला, इसरूले देल्ला." सोमारीच्या आवाजात चांगलं काम केल्याचा आनंद होता. "मी एकटीनं कसं ठेवू? त्यायचे लेकरं खोकून राह्यले, अन् माह्या घरी बाटली!"

मला हातात घट्ट धरून बुधरी धावत सुटली. धनराजचा लाल मणी सरकला. गुलाबच्या घरी तर तिने वरची तार धरली आणि सहाही मणी सरकले तेव्हा माझी जवळजवळ निम्मी वाळू वर शिल्लक होती. इसरूने सकाळपासून दूध घेतलं नव्हतं. ओठ निळसर झाले होते. बुधरीच्या पिशवीत औषध संपलं होतं, आणि एवढ्या लहान जिवाला बाटलीचं औषध पुरलंही नसतं. त्याला मोठा दवाखानाच हवा होता.

सुकलूने बैलगाडी जुंपली. तीन आया, तीन लेकरं आणि बुधरी, असे आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. बस दुपारशिवाय नव्हती. तेवढ्यात चंद्रपूरचे बाबूभाई त्यांची जुनी मॅटाडोर घेऊन आले. बाबूभाई दर बाजाराला बांगड्या आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी विकायला येत, साऱ्या बायांच्या ओळखीचे. गाडी गच्च भरलेली होती. त्यांनी एकदा लेकरांकडे पाहिलं.

"उतरवा रे सामान," ते म्हणाले आणि स्वतःच गठ्ठे रस्त्याच्या कडेला टाकू लागले.

"बाबूभाई, तुमचा बाजार?" बुधरी म्हणाली.

"बाजार पुढच्या आठवड्यातबी भरते, बाई. बसा तुमी."

सुकलू गठ्ठ्यांपाशी राखणीला बसला आणि मॅटाडोर निघाली. रस्ता खड्ड्यांचा. मी बुधरीच्या मांडीवर होते. अर्ध्या वाटेत इसरूची धाप कमी झाल्यासारखी वाटली. गुलाबच्या चेहऱ्यावर जरा आशा आली. "मोज न बाई, कमी झाली असन," ती म्हणाली. बुधरीने मला उलटी केलं.

पहिला मणी सरकला. दुसरा बऱ्याच उशिराने सरकला. तिसऱ्या मण्यावर बुधरीचं बोट होतं आणि ते तिथेच राहिलं. मी वाहत होते. मला थांबता येत नाही, मित्रांनो, माझी घडणच तशी आहे. बुधरीने इसरूच्या छातीला कान लावला. मग तिने मला हळूच आडवी केलं. वरच्या फुग्यातली अर्धी वाळू जागच्या जागी राहिली.

"झालं का व मिनिट?" गुलाबने विचारलं.

बुधरीने इसरूचं उघडं पोट झाकलं. त्या प्रश्नाइतकं जड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

करिश्मा आणि धनराज वाचले. दवाखान्यात नळीने हवा दिली, सुया दिल्या, आठ दिवस ठेवलं. बाबूभाई त्याच दिवशी गुलाबला आणि आम्हाला घेऊन परतले. रस्त्याच्या कडेला सुकलू तसाच बसलेला होता. गठ्ठे जिथल्या तिथे होते. बाबूभाई खाली उतरले आणि डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाले, "तीन नेले होते भाऊ. हे एक असं आणलं." आणि तो धिप्पाड माणूस रस्त्यात बसून रडला.

सोमारी घरी आली ती घरातच राहिली. पाण्याला जायची ती सगळ्या बाया येऊन गेल्यावर. कुणी तिला बोल लावला नव्हता, पण ती स्वतःलाच खात होती. "मीच मारलं," एवढंच म्हणायची. बुधरी तिच्याकडे बसून राहायची. एके दिवशी बुधरी उठली आणि तिने सुकलूच्या अंगणात सारं गाव गोळा केलं.

"चूक माही आहे," ती म्हणाली. "मी पाच दिवस पाज म्हणून सांगतलं. काऊन पाच, हे नाई सांगतलं. बाबा, धानाच्या बांधीतलं गवत अर्धंच निंदलं तं काय होते?"

"दुप्पट येते," सुकलू म्हणाला.

"डब्ब्याचंबी तसंच आहे. दोन दिवसांत लेकरू हासते, पण जंतू सरत नाई. कमजोर असन थो मरते, दांडगा असन थो राह्यते, अन् परत येते थो दांडगाच. अन् थोडं थोडं औषध तिघायले देल्लं तं तिघायलेबी पुरत नाई."

सुकलू कितीतरी वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिला. वाटे घालण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. मग म्हणाला, "ऐका तं. औषधाचा वाटा एकच. ज्या लेकराची बाटली, पुरी त्याची. दुसरं लेकरू खोकलं तं बाटली नाई मांगाची, बुधरीले बोलवाचं." गावाने मान डोलावली. सोमारी त्या दिवशीही आली नव्हती.

फाल्गुनात बोडीतलं पाणी उतरलं. गाव चिखलात उतरलं, मासे निघाले, सुकलूने पळसाची पानं मांडली. गुलाबच्या घरची माणसं आता दोन. सुकलूने एक पान ठेवलं, दुसरं ठेवलं आणि मग तिसरंही ठेवलं. त्याचं चुकलं नव्हतं, मित्रांनो. त्याला ते पान गाळताच आलं नाही.

गुलाब पुढे झाली. तिने तिसरं पान उचललं आणि सरळ सोमारीच्या घराकडे चालू लागली. बुधरी घाबरून तिच्या मागे गेली, म्हणून मला हे सगळं दिसलं. सोमारी दारात बसली होती. गुलाबला पाहून ती उठून आत जाऊ लागली.

"थांब व," गुलाब म्हणाली. "हा इसरूचा वाटा आहे. करिश्माले खाऊ घाल."

सोमारीने दोन्ही हात पदराखाली लपवले. "ह्या हातानं नोको. ह्याच हातानं थे वाटी देल्ली मी तुले."

"देल्ली न. माह्या लेकरासाठी स्वतःच्या लेकराच्या तोंडातलं काढून देल्लं तू. मी इसरली नाई." गुलाबच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात पुढेच होता. "घे. तू नाई घेतला तं मी कोणाले देऊ?"

सोमारीने पान घेतलं आणि तिथेच मटकन खाली बसली. दोघी एकमेकींना धरून इतक्या रडल्या की आतली करिश्मा जागी झाली आणि खोकली. सोमारीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बुधरीबाई, घडी काढ. मोज."

करिश्माला मांडीवर कुणी घ्यावं? गुलाबने घेतलं. तिला थोपटत थोपटत शांत केलं, पोटावरचं झबलं वर केलं. मी उलटी झाले. एक मणी, दोन मणी, तीन, चार. वाळू संपली आणि लाल मणी जागचा हलला नाही. साधा खोकला होता. "झालं मिनिट," बुधरी म्हणाली, आणि गुलाबने करिश्माच्या पोटाचा मुका घेतला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढे गावोगावच्या बायांना आकड्यांची मनगटी घड्याळं मिळाली. माझी मानही झिजून थोडी मोठी झाली आहे, वाळू मिनिटाच्या आधीच संपते. खोटं मिनिट मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, म्हणून मी स्वखुशीने निवृत्त झाले. बुधरीने मला गावच्या शाळेत देऊन टाकलं. करिश्मा तिथे पाचवीत शिकते. कधी कधी ती मला फळीवरून काढते, उलटी करते आणि स्वतःच्याच पोटावर हात ठेवून मोजत बसते. तिला वाटतं, हा एक खेळ आहे.

मित्रांनो, म्हाताऱ्या घडीचं एवढं ऐका. भाकर वाटून खा, मासे वाटून खा, पण औषध ज्याचं त्याला, आणि शेवटच्या थेंबापर्यंत. घरात तान्हं लेकरू खोकत असेल तर, रोग गावातून केव्हाच गेला, असं मानून बसू नका. तो जात नाही, तो आपण ढिले पडायची वाट बघतो. लेकराला मांडीवर घ्या, पोट उघडं करा आणि श्वास मोजा. त्या दिवशी मॅटाडोरमध्ये माझं अर्धं मिनिट इसरूसाठी उरलं होतं. त्याला ते वापरता आलं नाही. ते मी तुम्हाला देते, कुणाच्या तरी लेकरासाठी वापरा.